नव्या व्हेरियंटची बातमी आली की घरात काय करायचं: क्रम, पडताळणी आणि नेहमीच्या चुका

कोविडच्या नव्या व्हेरियंटची बातमी टीव्हीवर आली, की त्याच संध्याकाळी नाशिकच्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर तीन तऱ्हेची माणसं येतात. काही जण ‘घरात असू द्या’ म्हणून अँटिबायोटिकची स्ट्रिप मागतात. काही विचारतात, ‘दादा, बूस्टर कुठे मिळेल?’ आणि काही वैतागलेले असतात: ‘दोन-दोन, तीन-तीन डोस घेतले, मग पुन्हा हे कसं?’ तिघांचीही काळजी खरी आहे. पण जे शेवटी करायचं ते तिघंही आधी करायला निघालेले असतात आणि जे आधी करायचं ते बाजूलाच राहतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. व्हेरियंटचं नाव कळलं म्हणून तुमच्या घरात करायच्या गोष्टी फारशा बदलत नाहीत. त्या तीन बाबींवर ठरतात: घरात जोखमीचं माणूस कोण, त्याचा शेवटचा डोस किंवा शेवटचा कोविड केव्हाचा, आणि आज अंगात लक्षण आहे का. या तिन्हींची उत्तरं कागदावर असतील तर बातमी कुठलीही येवो, तुमची धांदल होणार नाही. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. पहिले चार सगळे ठणठणीत असताना उरकायचे. पाचव्यापासून पुढचे लक्षण दिसल्यावर.

टप्पा १: घरातल्या प्रत्येकाची नोंद एका कागदावर आणा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून सगळेच ते टाळतात. पण डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले प्रश्न यावरचेच असतात आणि तिथे ‘बहुतेक कोविशिल्डच होती’ यापलीकडे उत्तर येत नाही.

१. सर्टिफिकेटं गोळा करा. कोविनवर नोंदणी झाली त्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो. अडचण इथेच होते. तेव्हा एका नंबरवर आधी चार आणि नंतर सहा जणांची नोंदणी चालायची, त्यामुळे आईचं सर्टिफिकेट पुण्यातल्या भावाच्या नंबरवर आणि काकांचं शेजारच्या मुलाच्या नंबरवर असं अनेक घरांत झालेलं आहे. नंबर बंद पडला असेल तर डिजिलॉकरमध्ये पाहा. जुन्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पीडीएफ सापडतं का तेही पाहा.

२. प्रत्येक डोसपुढे लशीचं नाव आणि तारीख लिहा. कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन, कॉर्बेव्हॅक्स, स्पुटनिक, जे असेल ते.

३. कोविड झाला असेल तर महिना आणि साल लिहा. रिपोर्ट आला होता की नुसता अंदाज होता, तेही लिहा.

४. आजार आणि रोजची औषधं लिहा. ‘बीपीची गोळी’ असं नको, स्ट्रिपवरचं नाव उतरवा. रक्त पातळ करणारी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तिच्याखाली रेघ मारा. कारण पुढे सांगतो.

५. घरात ऑक्सिमीटर असेल तर तब्येत ठीक असतानाचा आकडा टिपून ठेवा. दम्याच्या, जुन्या खोकल्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो. तो माहीत नसला तर आजारपणात उगाच घबराट होते, किंवा उलट, खरी घसरण लक्षातच येत नाही.

नमुन्यादाखल एक ओळ अशी होईल: ‘आई, वय ७१. शुगर, बीपी. कोविशिल्ड: एप्रिल २०२१, जून २०२१. कॉर्बेव्हॅक्स: सप्टेंबर २०२२. कोविड: जानेवारी २०२२, रिपोर्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन एरवी ९७.’ एवढ्याने काम भागतं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका आणि मूळ कागद औषधांच्या डब्यात ठेवा.

नेहमीची चूक: दुसऱ्या डोसलाच ‘बूस्टर’ समजणं. सर्टिफिकेटवर तिसरा डोस ‘प्रिकॉशन डोस’ म्हणून वेगळा दिसतो. तो सुरू झाला १० जानेवारी २०२२ ला, तेही आधी आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि साठीवरच्या आजारी माणसांसाठी. तुमच्या सर्टिफिकेटवरची शेवटची तारीख त्याच्या आधीची असेल, तर तो तिसरा डोस नाही.

पडताळा: कागदावर घरातलं प्रत्येक माणूस आलं का? गावाकडे, निफाडला किंवा सिन्नरला एकटे राहणारे आई-वडील यात हमखास राहून जातात.

टप्पा २: बातमीत नेमकं काय म्हटलंय ते वेगळं काढा

विषाणू बदलत राहतो, त्यामुळे नवी नावं येतच राहणार. जागतिक आरोग्य संघटना त्यांना तीन पायऱ्यांवर ठेवते: नुसती नजर ठेवण्याजोगा, लक्ष देण्याजोगा आणि चिंताजनक. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा आणि २६ नोव्हेंबर २०२१ ला जाहीर झालेला ओमायक्रॉन हे तिसऱ्या पायरीवर गेले. डिसेंबर २०२३ मध्ये गाजलेला जेएन.१ दुसऱ्या पायरीवर होता. मे २०२५ मध्ये ज्यांच्या नावाने पुन्हा मास्क विकले गेले, ते एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ पहिल्या पायरीवर होते. ओमायक्रॉननंतर आलेली ही सगळी त्याच्याच वंशातली.

म्हणून बातमी वाचताना पहिला प्रश्न हा: कोणती पायरी? ती दिलीच नसेल आणि मथळ्यात फक्त ‘घातक’ असेल, तर ती बातमी अर्धवट आहे.

दुसरा प्रश्न: खालच्या तिन्हींपैकी बातमी कशाबद्दल बोलतेय?

१. जास्त वेगाने पसरतो.
२. आधीच्या अँटिबॉडीजना, म्हणजे लशीने किंवा आधीच्या आजाराने शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांना, चुकवतो.
३. जास्त गंभीर आजार करतो.

या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जवळपास प्रत्येक नव्या व्हेरियंटबद्दल खरी असते, कारण आधीच्यापेक्षा वेगाने पसरल्याशिवाय तो नजरेत येतच नाही. दुसरीही बऱ्याचदा काही अंशी खरी असते. आपल्या घरासाठी खरी महत्त्वाची तिसरी. तिच्याबद्दल पुरावा यायला काही आठवडे लागतात, कारण माणसं आजारी पडून, अ‍ॅडमिट होऊन, बरी होऊन मग आकडे जमतात. बातमीच्या पहिल्या दिवशी कुणी छातीठोकपणे ‘जीवघेणा’ किंवा ‘साधी सर्दी’ म्हणत असेल, तर दोन्हींवर विसंबू नका.

सावध राहायची एक बाजूही आहे. प्रत्येक रुग्णाचा आजार सौम्य असला, तरी एकाच वेळी खूप लोकांना लागण झाली की त्यातले वयस्कर आणि आजारी लोक आकड्याने वाढतात. त्यामुळे ‘सौम्य आहे’ हे तिशीतल्या मुलासाठी दिलासादायक असलं, तरी त्याच घरातल्या डायलिसिसवरच्या वडिलांसाठी तेवढंच दिलासादायक नसतं.

फॉरवर्ड आलेल्या मेसेजसाठी छोटी चाळणी: तारीख आहे का, गावाचं नाव आहे का, कुणी सांगितलं ते आहे का? ‘सिव्हिलमध्ये बेड फुल्ल, पुढचे पंधरा दिवस बाहेर पडू नका’ अशा आवाजी क्लिपांत बहुधा या तिन्हींपैकी काहीच नसतं आणि २०२१ मधल्या क्लिपा आजही फिरतात. नाशिकसाठी महापालिकेचा आणि जिल्हा आरोग्य विभागाचा खुलासा पाहा. तो मिळेपर्यंत मेसेज पुढे पाठवू नका.

नेहमीची चूक: ‘मला कोणता व्हेरियंट झालाय ते टेस्टमध्ये सांगा’ असा लॅबकडे आग्रह धरणं. नेहमीच्या आरटीपीसीआर रिपोर्टमध्ये व्हेरियंट कळत नाही. त्यासाठी विषाणूचा जनुकीय क्रम वाचावा लागतो. ते काम इन्साकॉग या सरकारी जाळ्यातल्या प्रयोगशाळा करतात, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातली एक. निवडक नमुने पाठवले जातात आणि साथीवर नजर ठेवायला ते उपयोगी पडतात. तुमची औषधं त्यावर ठरत नाहीत. तसंच रिपोर्टवरचा सीटी आकडा (टेस्टच्या कितव्या फेरीत विषाणू सापडला तो) पाहून ‘माझा कोविड किती मोठा’ हे ठरवू नका. आजाराची तीव्रता त्यावरून मोजायची नाही, असं आयसीएमआरनेही (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) स्पष्ट केलेलं आहे.

टप्पा ३: ‘लस कामाची का’ या प्रश्नाचे दोन भाग करा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

लागण होऊ नये यासाठी लागणाऱ्या अँटिबॉडीज काही महिन्यांत कमी होत जातात आणि नवा व्हेरियंट त्यांना काही प्रमाणात चुकवतो. पण शरीराची स्मरणशक्ती, म्हणजे टी-पेशी आणि स्मृती बी-पेशी, जास्त टिकते. तिच्यामुळे आजार फुप्फुसापर्यंत, ऑक्सिजनपर्यंत जाण्याची शक्यता कमी राहते. त्यामुळे ‘लस घेऊनही कोविड झाला’ हे खरं असू शकतं आणि ‘लशीने मला वाचवलं’ हेही त्याच माणसाबाबत खरं असू शकतं. प्रश्न विचारताना आधी ठरवा: लागणीबद्दल विचारताय की अ‍ॅडमिट होण्याबद्दल?

जुने टक्के आज लावू नका. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडविरुद्ध ७७.८ टक्के परिणामकारकता आली होती. ती त्या वेळच्या विषाणूंसाठी आणि डोस नुकताच झालेल्या माणसांसाठी होती. तो आकडा आजच्या व्हेरियंटवर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. तो खाली आला म्हणून लस ‘शून्य’ झाली असंही होत नाही.

आता तो गाजलेला दावा घ्या: ‘अ‍ॅडमिट झालेल्यांत लस घेतलेलेच जास्त, म्हणजे लस बेकार.’ हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

१. एका वस्तीत १००० माणसं धरा. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही.
२. लस न घेतलेल्या १०० पैकी १० अ‍ॅडमिट झाले. म्हणजे शंभरात १०.
३. लस घेतलेल्या ९०० पैकी १८ अ‍ॅडमिट झाले. म्हणजे शंभरात २.
४. एकूण अ‍ॅडमिट २८. त्यातले १८ लस घेतलेले. बातमी होणार: ‘अ‍ॅडमिट झालेल्यांत बहुसंख्य लसवंत!’
५. पण धोका शंभरात १० वरून २ वर आला. म्हणजे ८० टक्के कमी झाला.

जवळपास सगळ्यांनीच लस घेतलेली असली की दवाखान्यातही तेच जास्त दिसणार. म्हणून अ‍ॅडमिट झालेल्यांत कोण किती, एवढंच पाहून चालत नाही. प्रत्येक गटातल्या शंभरातले किती, हे पाहावं लागतं. तो आकडा बातमीत नसेल तर निष्कर्ष काढू नका.

पडताळा: ‘८० टक्के परिणामकारक’ याचा अर्थ ‘शंभरातल्या वीस जणांना होणारच’ असा तुम्ही घेत होता का? तसा नाही. लस न घेतलेल्यांना जेवढा धोका, त्याच्या तुलनेत ८० टक्के कमी, असा तो आहे.

टप्पा ४: आणखी डोस हवा का, ते माणूस पाहून ठरवा

बातमी आली म्हणून सगळ्या घराने डोस शोधत फिरायचं नसतं. पहिल्या टप्प्यातला कागद समोर घ्या आणि पुढच्यांपैकी कोण आहे त्यावर खूण करा: साठीच्या पुढचे, त्यातही पंचाहत्तरीच्या पुढचे, शुगर, हृदय, किडनी किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, कॅन्सरचे उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, गरोदर बायका. ज्यांच्यावर खूण झाली त्यांच्याबद्दलच डॉक्टरांशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा सल्लाही अशाच सर्वाधिक जोखमीच्या गटांना ठरावीक अंतराने पुन्हा डोस देण्याचा आहे. धडधाकट तरुणाने दर बातमीला डोस घ्यावा, असं तो म्हणत नाही.

डॉक्टरांना हे विचारा:

१. शेवटच्या डोसला किंवा कोविडला इतके महिने झालेत, आता गरज आहे का?
२. माझ्या आजारात आणि औषधांत कोणती लस चालेल?
३. डोससाठी चालू औषध थांबवायचं का, की वेळ जुळवायची?
४. सोबत फ्लूची लस घ्यायची का? ती दरवर्षीची असते आणि स्वाइन फ्लू नाशिकला नवा नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत हा प्रश्न विसरू नका.

मग फोन करा. आधी फोन, नंतर रिक्षा. लस मिळेलच असं गृहीत धरू नका. साठा आहे का, कोणती आहे, एक्सपायरी कधीची, सर्टिफिकेट मिळेल का, एवढं फोनवरच विचारून घ्या. कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन आणि कॉर्बेव्हॅक्स मूळ विषाणूवर बेतलेल्या आहेत. पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक-ओएम ओमायक्रॉनसाठी केलेली, २०२३ मध्ये आली. ‘नव्या व्हेरियंटची खास लस आलीय, आगाऊ पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या.

अंगात ताप असताना डोस घ्यायला जाऊ नका. घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

दोन भीती लोक कुजबुजत विचारतात, त्यांचं सरळ उत्तर देतो. पहिली, कोविशिल्डमुळे रक्ताच्या गाठी. हा दुष्परिणाम खरा आहे, अत्यंत दुर्मीळ आहे, आणि होतो तेव्हा डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. २०२१ मध्ये डोस घेतलेल्याने आज त्यासाठी डी-डायमरची टेस्ट करून घेण्यात अर्थ नाही. दुसरी, तरुणांचे अचानक मृत्यू. आयसीएमआरने १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. पूर्वी कोविडने अ‍ॅडमिट झालेलं असणं, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, अति मद्यपान आणि एकदम जोराचा व्यायाम यांच्याशी मात्र संबंध दिसला. छातीत दुखत असेल तर लशीवर वाद घालत बसू नका, ईसीजी काढा.

टप्पा ५: लक्षण दिसलं की टेस्ट, आणि ती नीट

घसा खवखवणं, ताप, खोकला, अंगदुखी. नाशिकला पावसाळ्यानंतर हीच सुरुवात डेंग्यूचीही असते आणि थंडीत साध्या सर्दीचीही. म्हणून अंदाज बांधू नका. मास्क लावा, वेगळ्या खोलीत जा आणि मग टेस्ट करा. आधी टेस्ट आणि मग मास्क, असं केलं तर तोवर घरभर वावर झालेला असतो.

घरच्या किटने करायची असेल तर:

१. एक्सपायरी पाहा. उन्हात उभ्या गाडीत राहिलेलं किट वापरू नका.
२. हात धुवा, कोरडे करा. टेबल पुसा. मोबाइलवर टायमर तयार ठेवा.
३. नाक शिंकरून साफ करा.
४. काडीचं टोक बोटांनी धरू नका. एका नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर आत घालून कडेला टेकवत पाच वेळा फिरवा. तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. बहुतेक जण नुसतं नाकाच्या तोंडाशी फिरवतात आणि निगेटिव्ह आलं म्हणून खूश होतात.
५. काडी द्रावणाच्या नळीत बुडवून चांगली ढवळा, नळी बाहेरून दाबा, मग झाकण लावा.
६. पट्टीवर पत्रकात सांगितलेत तेवढेच थेंब टाका. जास्त टाकले म्हणजे निकाल जास्त पक्का, असं नसतं.
७. टायमर लावा. निकाल पत्रकातल्या वेळेलाच वाचा. कोविसेल्फसारख्या किटमध्ये १५ मिनिटांनी, आणि २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही.

‘सी’जवळ रेघ नसेल तर टेस्ट फुकट गेली, नवं किट घ्या. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीकडे रेघ असेल तर पॉझिटिव्ह. वेळेत उमटलेली ‘टी’ची रेघ कितीही पुसट असो, ती पॉझिटिव्हच. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा टेस्ट करत बसू नका.

लक्षणं आहेत आणि निगेटिव्ह आली, तर सुटलो असं समजू नका. पहिल्या दिवशी घरचं किट चुकण्याची शक्यता बरीच असते. जोखमीच्या माणसाची लगेच आरटीपीसीआर करा. इतरांनी ४८ तासांनी पुन्हा किट वापरलं तरी चालेल, पण तोवर मास्क काढायचा नाही.

लक्ष द्या: ताप डेंग्यूचा नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन लावली असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय ती बंदही करू नका. तापासाठी पॅरासिटामॉल, वयाला आणि वजनाला योग्य त्या मात्रेत. आणि सर्दीच्या कॉम्बिनेशन गोळीतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकावर एक घेऊ नका.

टप्पा ६: पॉझिटिव्ह आल्यावर पहिले पाच दिवस

जोखमीच्या माणसाने पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच डॉक्टरांना फोन करायचा, ‘दोन दिवस बघू’ नाही. कारण निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत चालू करावी लागतात. शिवाय ती कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांसोबत चालत नाहीत. पहिल्या टप्प्यात रेघ मारायला सांगितली ती यासाठी. डॉक्टरांना तो कागदच पाठवा.

खोली: खिडकी उघडी, दार बंद. सिडकोतल्या एका खोलीच्या घरात हे जमत नाही, ते मी जाणून आहे. तिथे दोघांनीही एन-९५ लावा, खिडकी रात्रीही थोडी उघडी ठेवा, जेवण एकत्र नको आणि आजी-आजोबांना आठवडाभर दुसऱ्या घरी ठेवता आलं तर ते आजारी माणूस पॉझिटिव्ह यायच्या आधी, लक्षण दिसताक्षणी. नंतर हलवलं तर ते सोबत लागण घेऊन जाऊ शकतात.

ऑक्सिजन मोजणं. इथे हमखास गडबड होते, म्हणून बारकाईने सांगतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, शहरातही पहाटे बोटं गारठलेली असतात. अशा बोटाला ऑक्सिमीटर लावला की ८८, ८९ दिसतं आणि घर हादरतं. म्हणून:

१. नेलपॉलिश पुसा. गडद मेंदीचं बोट टाळा.
२. पाच मिनिटं शांत बसा. हात चोळून गरम करा.
३. हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवा, मधलं किंवा तर्जनीचं बोट पूर्ण आत घाला.
४. आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण मिनिटभर थांबा. बोलू नका. सर्वांत वरचा किंवा सर्वांत खालचा नाही, स्थिरावलेला आकडा लिहा.
५. दिवसातून तीन-चार वेळा, वेळेसकट नोंद.

तासाभरात तीनदा नीट मोजूनही ९३ किंवा त्याखाली; मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास; १०० फॅरनहाइटच्या वरचा ताप तीन दिवसांहून जास्त; छातीत सतत दुखणं किंवा दाब; माणूस गोंधळल्यासारखं बोलणं किंवा उठवून न उठणं: यातलं एकही असेल तर १०८ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. आकडा ९६ आहे पण धाप लागतेय, तर आकड्यावर नाही, धापेवर विश्वास ठेवा.

आता काय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइड तर सौम्य आजारात स्वतःहून मुळीच नको. २०२१ मध्ये स्टेरॉइडच्या अंदाधुंद वापराने आणि वाढलेल्या शुगरने म्युकरमायकोसिसचं (काळ्या बुरशीचं) काय झालं, ते नाशिकच्या अनेक घरांनी पाहिलंय. कुणाची जुनी चिठ्ठी घेऊन डेक्सामेथासोन मागायला आलात तर कोणत्याही मेडिकलने ते देऊ नये, आणि नकार मिळाला तर रागावू नका. याउलट, दम्याचा पंप किंवा संधिवाताचं स्टेरॉइड आधीपासून डॉक्टरांनी लावलेलं असेल तर ते घाबरून बंद करू नका. ताप आला म्हणून स्वतःहून छातीचा सीटी स्कॅन किंवा सीआरपी, डी-डायमरची पॅकेजंही नकोत. सौम्य आजारात त्यांनी उपचार बदलत नाही, पैसे तेवढे जातात.

पडताळा: शुगरचं माणूस आजारी असेल तर ऑक्सिजनच्या वहीत शुगरचा रकाना आहे का? जेवण कमी झालं आणि गोळी तीच राहिली तर शुगर खाली जाते, तापात वरही जाते. डॉक्टरांना दोन्ही आकडे द्या.

टप्पा ७: पुन्हा कामावर

जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या नियमावलीत पॉझिटिव्ह आल्यापासून किमान ७ दिवस आणि सलग ३ दिवस ताप नसणं अशी अट होती. घरगुती हिशेबाला ती आजही सोयीची आहे, मात्र ताप गोळीशिवाय गेलेला असला पाहिजे. पुढचे काही दिवस बंद जागेत मास्क ठेवा. सातपूर-अंबडच्या कंपनीतली कँटीन, भरलेली सिटीलिंक बस, लग्नाचा हॉल, आणि येत्या सिंहस्थात घरी उतरलेले पाहुणे, या जागा त्यात येतात. निगेटिव्ह रिपोर्टसाठी रोज टेस्ट करू नका. आरटीपीसीआर बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

पहिल्याच आठवड्यात जिम किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या नकोत. सपाटीवर चालून पाहा, धाप लागली नाही तर हळूहळू वाढवा. चार आठवड्यांनंतरही दम लागणं, धडधड किंवा डोकं जड राहणं कमी झालं नसेल तर फिजिशियनला दाखवा आणि जाताना ऑक्सिजनची वही, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्या.